दोन्ही तारांत सारखं

टेबलावर आठ वस्तू होत्या. झाकण हरवलेला फितीचा टेपरेकॉर्डर एक. सोव्हिएत काळातला, उचलताना माणसाला कण्हायला लावणारा अँप्लिफायर एक. त्याचे स्पीकर दोन. शेजारच्या सागिनचा मिक्सर एक, एर्किनचा लॅपटॉप एक, दोन्ही टोकांना सारखीच जाड पिन असलेली केबल एक. आणि या सगळ्यांच्या मध्ये, पुठ्ठ्याच्या चौकोनी खोक्यात, फितीचं एक रीळ. खोक्यावर जांभळ्या शाईत लिहिलं होतं : झुराकान, क्लब, १९८६.

झुराकान ही एर्किनची आई. तिला जाऊन वर्ष होत आलं होतं. पुढच्या आठवड्यात तिचा आश, म्हणजे वर्षाचं मोठं जेवण. घोडा कापायचा, साऱ्या नारिन खोऱ्यातून नातेवाईक यायचे, जेवून उठायचे, आणि घरावरचा दुखवटा तिथे संपायचा. बायका वर्षभर बांधलेले काळे रुमाल उतरवून आगीत टाकणार होत्या. त्याच आगीत हे रीळही जाणार होतं.

हे ठरवलं होतं सिदिक तायकेंनी. तायके म्हणजे मामा, आईचा भाऊ, आणि आईच्या माघारी तिच्याविषयीचा शेवटचा शब्द त्यांचा. त्यांचं म्हणणं साधं होतं. "मेलेल्याचा आवाज घरात डांबून ठेवला की मेलेलं माणूस उंबऱ्याशी घुटमळत राहतं. ना इकडचं ना तिकडचं. माझ्या बहिणीला मी असं ताटकळत ठेवणार नाही."

मॉस्कोहून बुरुलने फोनवर आकांत केला होता. बुरुल एर्किनची मोठी बहीण, त्याची एजे. नऊ वर्षं तिथल्या गोदामात खोकी चिकटवत होती. आईला अर्धांगाचा झटका आला तेव्हा कागदपत्रं अडकली म्हणून येता आलं नाही, आणि मातीलाही येता आलं नाही. झटक्यानंतर आईची वाचा गेली होती. एर्किन फोन आईच्या कानाला लावायचा, आणि पलीकडे बुरुलला नुसता श्वास ऐकू यायचा.

"तायके, माझ्याकडे तिचं काय आहे? एक फोटो आणि एक शाल. मला तिचा आवाज हवाय. तेवढी एक फीत आहे जगात."

बरीच ओढाताण झाल्यावर तायकेंनी विचारलं होतं, "त्या कॉम्प्युटरात आवाज असतो की आणखी काही?"

"आकडे असतात, तायके," एर्किन म्हणाला होता. "नुसते आकडे."

तायकेंनी दाढी कुरवाळली. "आकड्यांना आत्मा नसतो. आकडे ठेवा. फीत जाळा."

म्हणून हा सारा पसारा. एर्किन विजेच्या सबस्टेशनात नोकरीला होता आणि मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही, ही त्याची ख्याती होती. चहाची किटली उकळली का हेही तो थर्मामीटर लावून बघेल, असं सागिन म्हणायचा. सागिन लग्नाकार्यात स्पीकर लावायचा. त्याचा मिक्सर म्हणजे त्याची उपजीविका, आणि त्याची मस्करी म्हणजे त्याची दुसरी उपजीविका.

"मागे एवढी भोकं आहेत की या अँप्लिफायरला," सागिनने वाकून बघितलं. "त्यातून काढ की आवाज."

"ती पाच छिद्रांची आहेत. एकात टेपरेकॉर्डरची वायर आहे, ती त्याच्याबरोबरच आलेली. तसली दुसरी वायर सगळा बाजार पालथा घातला तरी मिळाली नाही. एका म्हाताऱ्याने तर मला चरख्याचं सुटं सामान दाखवलं."

"मग?"

"मग हे." एर्किनने अँप्लिफायरच्या तोंडावरच्या एकुलत्या एका गोल छिद्रावर बोट ठेवलं. हेडफोनचं. "यातून जो आवाज कानाला जायचा, तो लॅपटॉपला द्यायचा. सकाळी बारीक वायर लावून बघितलं. पडद्यावर आवाज येताना दिसतोय, पण त्याच्याबरोबर घरघरही दिसतेय. हे बघ."

लॅपटॉपवर एक जाड करडी रेघ होती. फीत थांबलेली, तरी रेघ जाड. भिंतीतल्या विजेची घरघर.

"तुझ्या सबस्टेशनचीच वीज आहे. घरचीच मोरी, घरचीच दुर्गंधी," सागिन म्हणाला आणि आपली केबल पुढे केली. "ही घे. हिच्या पिनेवर तीन कडी आहेत. माझ्या मिक्सरचं हे सॉकेटही तसलंच आहे. लग्नात शंभर हात वायर ओढतो, जनरेटर शेजारी बोंबलत असतो, तरी घरघर नाही. कशी मारतं ते विचारू नकोस, पण मारतं."

केबल हेडफोनच्या छिद्रात गेली. 'टक' असा आवाज झाला आणि स्पीकर गप्प झाले. त्या अँप्लिफायरची ती रीतच होती. हेडफोन लागला की स्पीकर तोडायचा. दुसरं टोक मिक्सरमध्ये, मिक्सर लॅपटॉपला. एर्किनने पडद्याकडे बघितलं. जाड रेघ केसासारखी बारीक झाली होती.

"गेली!" तो ओरडला. मग दुखवट्याचं घर आहे हे आठवून हळू म्हणाला, "गेली रे घरघर. पुरती गेली."

"मग? उगाच का मुली माझ्यावर भाळतात?"

"एकही भाळलेली नाही."

"आवाज पोचत असेल त्यांच्यापर्यंत, मीच पोचत नाही."

एर्किनने फीत सुरू केली. रिळं फिरू लागली. खोली मुकीच होती. फक्त मिक्सरचे हिरवे दिवे वरखाली होत होते आणि पडद्यावर गवताच्या पात्यांसारखा आलेख उगवत होता. सागिनने खिशातून आपले कानात घालायचे बारीक हेडफोन काढले.

"एकदा कानाला लावून बघ. माझं ऐक, साऊंडवाल्याचा पहिला धडा आहे."

एर्किनने मान हलवली.

"का? तायके कुठे बघायला येताहेत?"

"वर्ष फिरल्याशिवाय या घरात गाणं ऐकायचं नाही. आणि दुसरं, मी एजेला शब्द दिलाय. पहिल्यांदा ती ऐकेल. थोरली ती आहे. ती तिथे नुसता श्वास ऐकत बसायची, आणि मी आधी ऐकून घेऊ? आपल्यात मांसाची पहिली वाटी कुणाला देतात?"

"हे मांस नाही, फीत आहे."

"रेघ दिसतेय ना? आवाज आत जातोय ना? मग झालं."

तिसरं कारण त्याने सांगितलं नाही. आवाज ऐकला असता तर सागिनसमोर त्याचा बांध फुटला असता, आणि ते त्याला नको होतं. आलेखाकडे कितीही वेळ बघता येत होतं.

शेवटपर्यंत फीत फिरली. त्याने फाइल तीन ठिकाणी ठेवली, प्रत्येकीचा आकार ताडून बघितला, आणि रीळ खोक्यात घालून तायकेंच्या हवाली केलं.

आश चांगला झाला. बुरुल दोन दिवस आधी आली होती. नऊ वर्षांत ती रुंद झाली होती आणि तिच्या तळहातांना चिकटपट्टीच्या कडांचे बारीक चरे पडले होते. अंगणात तंबू, तंबूत कढया, कढयांवर वाफ. घोड्याचं मांस शिजलं, बारीक कापून पिठाच्या पट्ट्यांवर पडलं, वाट्या वयाच्या क्रमाने फिरल्या. कुराणाचं पठण झालं. मग काळे रुमाल सुटले. बुरुलने आपला रुमाल सोडून आगीत टाकला. तायकेंनी खोकं एर्किनच्या हातात दिलं.

"मुलाने टाकावं."

एर्किनने बुरुलकडे बघितलं. बुरुलने विचारलं, "नीट उतरवलंयस ना?"

"तीन प्रती आहेत, एजे. घरघरसुद्धा काढलीय."

त्याने खोकं आगीत टाकलं. फीत पेटताना सुरकुतली, तिच्यातून निळसर धूर निघाला आणि वाऱ्याने नदीच्या बाजूला नेला. जांभळी अक्षरं शेवटी जळाली. तायके म्हणाले, "सुटली."

दुसऱ्या दिवशी पाहुणे पांगले. घरात उरलेल्या मांसाचा आणि तुपाचा वास होता. बुरुलने दुधाचा चहा केला, पेले भरले आणि लॅपटॉपसमोर मांडी घालून बसली. अंगावर तिने आईची शाल घेतली होती. आता वर्ष सरलं होतं. गाणं ऐकायला हरकत नव्हती.

"थांब," ती म्हणाली. "आधी मी सांगते, मग लाव. मी पाच वर्षांची होते. रेडिओचा माणूस क्लबच्या हॉलात आला होता, त्याने माइकचे तीन खांब उभे केले. डावीकडे असनाली काका कोमुझ घेऊन. उजवीकडे एक खांब आम्हा लोकांकडे तोंड करून. आणि मधे आई. तू आजीच्या मांडीवर होतास, आणि शेवटच्या कडव्याआधी तू असं भोकाड पसरलंस, की विचारू नकोस. आईने काय केलं माहितेय? सूर न सोडता, त्याच चालीत गायली, 'नेऊन टाका त्या लांडग्याच्या पोराला बाहेर!' हॉल हसून लोळला. असनाली काकांना हसू आवरेना, हातातला कोमुझच थांबला. तर आई शेवटचं कडवं एकटीच गायली. कोमुझाशिवाय. तसं मी पुन्हा कधी ऐकलं नाही."

"हे मला कुणी सांगितलंच नाही."

"तुझीच फजिती तुला कोण सांगणार? लाव आता."

त्याने लावलं.

खोकण्याचा आवाज. बाकं सरकल्याचा आवाज. कुणीतरी खिडकी लावली. मग तीन तारांचा कोमुझ, असा स्वच्छ की नखाची खरड ऐकू यावी. बुरुल हसली आणि तिने शालीचं टोक तोंडावर धरलं. कोमुझ वाजत राहिला. एक फेरी झाली. दुसरी झाली.

"प्रस्तावना लांब आहे," एर्किन म्हणाला.

"नाही," बुरुल म्हणाली. "एवढी लांब नव्हती."

कोमुझ कुणाला तरी वाट करून देत असल्यासारखा दबत होता आणि पुन्हा वर येत होता. त्या दबलेल्या जागी खूप मागून, बंद दारापलीकडे कुणी कुजबुजावं तशी 'स' आणि 'च' ची बारीक फुसफुस येत होती. बाकी काही नाही. एर्किनने आवाज वाढवला. कोमुझ मोठा झाला, खोकला मोठा झाला. बुरुल पडद्याला कान लावायला पुढे झुकली, जणू तिथे खिडकी होती.

मग एक तान्हं मूल रडलं. टाहो फोडून, दम घेऊन, पुन्हा टाहो.

बुरुलने हात वर केला. "आता. आता गप्प बस."

मूल रडत होतं. मग एकाएकी हॉल हसला. शेकडो माणसं, पोटभर. कशाला हसली ते फितीत नव्हतं.

कोमुझ थांबला. त्यानंतर काहीच नाही. बराच वेळ काहीच नाही. एक खोकला. आणि मग टाळ्या, इतक्या की स्पीकर फाटायला आले.

एर्किनने दुसरी प्रत लावली. मग तिसरी. तिन्ही सारख्याच होत्या. त्याने ते आधीच ताडून बघितलं होतं.

सागिनला बोलावलं. तो दारातूनच म्हणाला, "काय, आईंनी माझी तारीफ केली का मधेच?" मग दोघांचे चेहरे बघून त्याने बूट काढले. ऐकताना तो टेबलावरच्या केबलकडे बघत होता. टाळ्या संपायच्या आत त्याने ती उचलली आणि पिनेवरची कडी अंगठ्याने चाचपली.

"एर्किन, हेडफोनच्या भोकात दोन आवाज असतात. डाव्या कानाचा एका कड्यावर, उजव्याचा दुसऱ्यावर."

"हो."

"आणि माझं हे सॉकेट..." सागिन थांबला. "यात दोन तारा येतात, पण ते एकाच आवाजाची वाट बघत असतं. एक तार सरळ, दुसरी उलटी. ते एकातून दुसरी वजा करतं. दोन्ही तारांत जे सारखं आलं, ते बाहेरून घुसलेलं, घाण, घरघर, असं धरतं आणि पुसून टाकतं. म्हणून तर लग्नात जनरेटर ऐकू येत नाही."

विजेचं गणित एर्किनला कळत होतं. ते कळेपर्यंत त्याचा हात पेल्यावर होता, कळल्यावर त्याने तो काढून घेतला.

"कोमुझ डावीकडे होता," सागिन म्हणाला. "तो राहिला. लोक उजवीकडे, ते राहिले. तू राहिलास."

"आणि आई?" बुरुलने विचारलं.

"तिचा खांब मधे होता, एजे. ती दोन्हीकडे सारखी होती."



"मग आता उलटं करा. मिळवा," बुरुल म्हणाली. "वजा केलंय तर मिळवा की."

"पाचातून तीन गेले, दोन राहिले. हातात नुसते दोन असतील तर आधी पाच होते की सात, ते कसं कळणार? फीत असती तर दुसरी केबल लावून..." सागिनने वाक्य गिळलं. "मी त्याला म्हटलं होतं. एकदा कानाला लाव म्हणून."

"म्हटलं होतंस?" बुरुल एर्किनकडे वळली.

"तू आधी ऐकावंस म्हणून मी..."

"माझ्यासाठी?"

"थोरली तू."

"वा रे माझ्या भावा!" बुरुल हसली, आणि ते हसणं ऐकून सागिन बूट शोधू लागला. "मानाची वाटी माझ्यासाठी झाकून ठेवलीस. रिकामी आहे का तेवढं नाही बघितलंस."

"एजे, रेघ दिसत होती. दिवे हलत होते. मला वाटलं..."

"दिवे! आईचा आवाज आहे की नाही ते तुला दिव्यांना विचारावं लागलं. मला श्वासावरून कळायचं, आज जेवलीय की नाही ते. दोन हजार मैलांवरून कळायचं."

"तू दोन हजार मैलांवर होतीस म्हणून मी इथे तिचे कपडे बदलत होतो!" एर्किनही भडकला. "वर्षभर! फोन धरायला काय लागतं?"

बोलल्याबरोबर त्याला कळलं की हे मागे घेता येणार नाही. बुरुलने शाल अंगावरून काढली, नीट घडी घातली आणि मांडीवर ठेवली.

तेवढ्यात सिदिक तायके आले. त्यांना उरलेल्या मांसातला वाटा न्यायचा होता. काय झालं ते त्यांनी उभ्याउभ्या ऐकलं आणि दाढी कुरवाळली.

"बघा," ते मऊ आवाजात म्हणाले. "तिलाच राहायचं नव्हतं. देवानेच नेलं. बरं झालं, पोरी."

"तुमचं काम चोख झालं, तायके," बुरुल म्हणाली. "तुम्ही फीत मागितलीत, यांनी आवाजसुद्धा देऊन टाकला. मांस तिकडे झाकून ठेवलंय. घेऊन जा."

तायके मांस घेऊन गेले.

बुरुल ठरल्यापेक्षा आधी निघाली. एर्किन तिला गाड्यांच्या अड्ड्यावर सोडायला गेला. बिश्केकची गाडी भरायची होती. ड्रायव्हर 'दोन जागा, दोन जागा' ओरडत होता. वाऱ्यात जळत्या शेणाच्या धुराचा वास होता. एर्किनने पिशवी वर ठेवली आणि खिशातून फाइल असलेली बारीक पट्टी काढली.

"ही घे. कोमुझ आहे तिच्यात. ती फुसफुस आहे. काहीतरी आहे."

"तूच ठेव. तुझं रडणं आहे तिच्यात."

"एजे, आपण दोघंच उरलो."

बुरुल आत चढून बसली. काच खाली करून तिने त्याच्याकडे बघितलं. रागाने नाही. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"तू म्हणतोस काहीतरी आहे. तुला मोजता येतं ना सगळं? मग मोज. हसणं संपल्यापासून टाळ्या सुरू होईपर्यंत ती गात होती. तेवढ्या जागेत ती किती उरलीय ते मला कळव. रडगाणं नको, माफी नको. तेवढंच कळव."

गाडी गेली.

घरी टेबल तसंच मांडलेलं होतं, फक्त वस्तू सात होत्या. एर्किनने लॅपटॉप उघडला. हसण्याचा शेवट आणि टाळ्यांची सुरुवात यांच्यावर खुणा केल्या. मधला खोकला कापून टाकला. माणसाचा गाता आवाज ज्या पट्ट्यात असतो तेवढाच ठेवला. तुलनेसाठी फितीचा शेवट घेतला. टाळ्यांनंतर लोक उठून गेले होते, दार लागलं होतं, आणि रेडिओचा माणूस मशीन बंद करायला विसरल्याने रिकामा हॉल तेवढाच फितीवर उतरला होता. दोन्ही तुकडे त्याने सारख्या लांबीचे केले. एकदा मोजलं. पुन्हा मोजलं. एक डेसिबलहून कमी फरक माणसाच्या कानाला कळत नाही, हे त्याला माहीत होतं. मग फोन घेऊन बुरुलला लिहिलं :

आई गात असताना : उणे सत्तावन्न पूर्णांक आठ डेसिबल.
रिकामा हॉल : उणे अठ्ठावन्न.
फरक : शून्य पूर्णांक दोन.